काळी एकचा तबला

पहाटे ४:४५

गावातल्या मंदिराच्या भोंग्यावर सामुदायिक ध्यान सुरू होतं. गुरुदेव सेवा मंडळाची चार-सहा म्हातारी माणसं मफलर बांधून बसलेली असतात. देवळी तालुक्यातलं हे गाव जानेवारीत उशिरा उजाडतं. पण ही पोरगी त्याआधीच उठून बसलेली असते.

तिचं नाव लिहीत नाही. गावात तिला ‘तबलेवाली’ म्हणतात, तेवढं पुरे. वय वीस. वर्धेच्या एका कॉलेजात बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला आहे, विषय संगीत. कॉलेजात गायन शिकवतात, तबला नाही. तबला ती बाहेर शिकते, गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा देते. मध्यमा झाली, आता विशारद.

रियाज समोरच्या खोलीत. खोली अर्धी कापसाने भरली आहे, छातीपर्यंत ढीग. सीसीआयची खरेदी चालू आहे, पण बाबा अजून थांबलेत. ढिगाच्या कडेला सतरंजी, सतरंजीवर दोन चुंबळी, एकीवर तबला, दुसरीवर डग्गा. डग्गा घरचा, जुना, पितळेचा, एका बाजूने चेपलेला.

कापूस घरात आला की वाद्य मुकं होतं. डग्ग्याची घुमक ढिगात जिरून जाते. थाप मारावी आणि आवाज हाताच्या पुढे जाऊच नये, असं चार महिने चालतं. तिला त्याचं वाईट वाटत नाही. एक म्हणजे शेजारी झोपलेल्यांना त्रास नाही. दुसरं म्हणजे खोलीच गोड करून देत नाही, त्यामुळे बोल साफ नसेल तर लगेच कळतं. कापूस विकला की मार्चमध्ये हात एकदम चांगला वाटायला लागतो, असं ती म्हणते.

‘धाधा तिरकिट’चा कायदा. आधी विलंबित, मग दुगुण. मोजायला सरकी. उजवीकडच्या वाटीतून एक दाणा डावीकडच्या वाटीत. वाटी रिकामी झाली की एक पलटा संपला. मधेमधे पुडीवर कापसाचे तंतू येऊन बसतात, शाईला चिकटतात. फडक्याने पुसायचं, बोटांना पावडर लावायची, पुन्हा सुरू. तर्जनीच्या टोकाला घट्टा पडला आहे. थंडीत तो तडकतो. त्यावर खोबरेल.

सकाळी ६:१५

तबला पिशवीत. आता पाणी भरणं, चूल, डबे. आई वेचणीला निघायच्या घाईत. पहिल्या वेचणीला बाई दिवसाला पन्नास किलो वेचते. आता झाडावर उरलंसुरलं. वीस-पंचवीस किलो झाला तरी पाठ मोडते. भाव किलोमागे बारा रुपये. आई कापसासाठी कमरेला ओटा बांधता बांधता विचारते, “आज रात्रीचं ध्यानात हाय न?”

“हाव.”

रात्री खंजेरी भजन स्पर्धा आहे. गावच्या महिला मंडळाची तबलजी हीच. आई त्याच मंडळात कोरसला.

आजा अंगणात उन्हाची वाट पाहत बसलेला. त्याची खंजेरी खुंटीला टांगलेली आहे. पूर्वी तिला घोरपडीचं कातडं होतं. वन्यजीव संरक्षण कायदा आला १९७२ ला, आणि नंतर ते कातडं मिळेनासं झालं. आता बकरीचं आहे. आजा म्हणतो, तो आवाज गेला. घोरपडी राहिल्या, हे मात्र तो म्हणत नाही.

सकाळी ७:१०

एसटी. विद्यार्थ्यांच्या पासवर भाड्यात ६६.६७ टक्के सवलत असते, म्हणजे तिघांतल्या एकाच्या पैशात महिना निघतो. पास गाव ते वर्धा एवढाच. त्यापलीकडे कुठे जायचं असेल तर बायकांचं अर्धं तिकीट, २०२३ च्या मार्चपासून लागू झालेलं.

जागा मिळत नाही. तबला शिसमच्या खोडाचा, चार किलोच्या आसपास. पिशवी खांद्याला लावली की पट्टा रुततो, खाली ठेवली की कुणाचा तरी पाय लागतो. ती दोन्ही पायांच्या मधे धरून उभी राहते. डग्गा नेत नाही, कॉलेजात एक आहे.

सालोडला गर्दी चढते. सावंगीला निम्मी उतरते: दवाखान्यातली माणसं, फायली, थर्मास, प्लास्टिकच्या पिशवीत एक्स-रे. मग वर्धा. शहराच्या दुसऱ्या अंगाला टेकडीवर महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय आहे, १९९७ पासून. तिथे प्रदर्शनकारी कलांचा विभाग आहे, नाटक-सिनेमा शिकवतात. तिचं कॉलेज त्यातलं नाही. तिच्या गुणपत्रिकेवर नागपूर विद्यापीठाचं नाव असतं. पूर्ण नाव राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ. विद्यापीठ १९२३ चं, हे नाव २००५ चं. ज्या माणसाने आयुष्यभर खंजेरीवर भजनं म्हटली त्याचं नाव लावणारं दुसरं विद्यापीठ देशात असेल असं वाटत नाही.

सकाळी ८:३०

थिअरीचा तास. भातखंडे आणि पलुस्कर यांच्या स्वरलिपींतला फरक. मंद्र सप्तकाची खूण, कोमल स्वराची खूण, समेची, खालीची. वहीत रेघा मारून त्रितालाच्या सोळा मात्रा चार खान्यांत. बारा मुलं, सात मुली आणि पाच मुलगे. त्यातले दोघे झोपलेले. रात्री तेही कुठेतरी वाजवून आलेले असणार.

हा तास इथेच सोडू.

सकाळी १०:००

प्रॅक्टिकल. मागची खोली. भिंतीला गवसणीत दोन तानपुरे, मिरजेच्या बनावटीचे. मिरजेच्या सतारी-तानपुऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण एकाची जोडीची तार तुटलेली आहे आणि दुसरा लावायला वीस मिनिटं जातात. तास पन्नास मिनिटांचा. म्हणून मोबाइलवरचा तानपुरा, स्टीलच्या डब्यात ठेवलेला. डब्यात आवाज मोठा होतो.

सर तासिका तत्त्वावर आहेत. नागपूरहून येतात, दुपारच्या गाडीने परत जातात. साथीला तबलजी नाही. म्हणजे ती आहे.

आता इथली खरी अडचण समजून घ्यायला हवी. मुलगे काळी एकमध्ये, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीत गातात. मुली काळी चारमध्ये. तिच्याकडे तबला एकच, काळी एकचा. मुलग्यांना तो षड्जात लागतो, कुठलाही राग चालतो. मुलींना तोच तबला मध्यमात पडतो, कारण काळी चारचा मध्यम म्हणजे काळी एक. मालकंस गायचा असेल तर सोन्याहून पिवळं. मालकंसात पंचम नाही, सगळा कारभार मध्यमाचाच. बागेश्रीलाही चालतं. एका तबल्यात दोन्हीकडचं भागतं.

पण आज भूप आहे. भूपात मध्यम वर्ज्य. मुलगी आलाप करते आहे आणि तबला दर मात्रेला रागात नसलेला सूर सांगतो आहे, असं चालत नाही. सर म्हणतात, “पंचमात घे.”

पंचम म्हणजे काळी दोन. पूर्ण एक स्वर वर. अर्धा स्वर तबला सहज चढतो. पूर्ण स्वर चढवायचा म्हणजे कातड्याची परीक्षा. ती हातोडी काढते. आधी गट्टे. आठ गट्टे, एकेकाला वरून खाली ठोकायचं, समोरासमोरचे जोडीने, नाहीतर एक बाजू चढते आणि दुसरी मागे राहते. मग गजऱ्यावर टोले. सोळा घरं. एका घरावर टोला, चाटेवर बोट, कान खाली. पुढचं घर. सहाव्या घराशी सूर बसत नाही, ती पुन्हा मागे जाते. वर्ग शांत बसून पाहतो. एकीने हार्मोनियमवर काळी दोन दाबून धरली आहे.

सूर लागतो. पहिली मुलगी बंदिश सुरू करते. मध्यलय त्रिताल. दुसरी. तिसरी. चौथीच्या वेळी तिहाईच्या शेवटच्या ‘धा’ला एक बारीक ‘टक्’ येतो. बाकी कुणाला कळत नाही. ती हात उचलते, पुडी उजेडात धरते. चाट आणि लव यांच्या मधे, नखाएवढी चीर.

“कावून थांबली?” सर विचारतात.

“पुडी गेली न सर.”

सर खिडकीतून बाहेर बघतात. मग म्हणतात, “अ‍ॅप लाव.”

उरलेल्या मुलींना मोबाइलचा ठेका. तिची स्वतःची बंदिशही त्यावरच होते. पण तिला त्याची सवय आहे. ती गाते तेव्हा तबल्यावर बसायला कुणी नसतंच. यंत्राचा ठेका चुकत नाही आणि ऐकतही नाही. गाणाऱ्याने समेला जरा झुकून यावं म्हटलं तर तो थांबत नाही. ती गाताना उजव्या मांडीवर बोटं आपटत असते, ते मात्र थांबत नाही.

दुपारी १२:३०

डबा. भाकरी, तुरीच्या दाण्यांची भाजी, संक्रांतीचा उरलेला तिळाचा लाडू. चहा दहा रुपयांचा, दोघींत एक.

दुपारी १:००

समूहगानाची तालीम. विद्यापीठांच्या युवा महोत्सवात समूहगानाला गाणारे सहा आणि साथीदार तीन. दहा मिनिटांत दोन गाणी, एक देशभक्तीचं, एक लोकगीत. सिनेमाचं गाणं चालत नाही. या एका नियमावरून दरवर्षी तासभर वाद होतो, कारण मुलांना येतात ती गाणी सिनेमाचीच.

तबला फाटलेला, म्हणून ढोलकी. ढोलकी कॉलेजची, दोरीची. लोकगीताला ती बरी, देशभक्तीच्या गाण्यात जरा तमाशाचा ठसका येतो. गाणारी सहा मुलं पहिल्या कडव्यापासून लय वाढवत नेतात. ती ओढून धरते. तिसऱ्यांदा ती ढोलकीवरून हात उचलते आणि सरळ सांगते, “तुम्ही पळून राहिले. माह्याकडे पाहा.” मुलं पाहतात. पुढच्या वेळी शेवटपर्यंत लय जागेवर राहते. तालमीत सगळ्यांत महत्त्वाचं घडलं ते एवढंच.

दुपारी २:३०

बाजारातली गल्ली. सायकल दुरुस्ती, गादी पिंजण्याचं दुकान, आणि त्याच्या बाजूला सहा बाय आठची खोली. तबले, ढोलक्या, मृदंग, दोन नाल, एका बँडपथकाचा मोठा ढोल. खोलीभर ओल्या कातड्याचा वास. चाचा सत्तरीचे. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली.

ते पुडी बघतात. बोट फिरवतात. “किती चढवली?”

“काळी दोन.”

“दोन सूर एकदम? चामडं आहे ते, रबर नाही. हळूहळू चढवाव लागते.” मग हातोडीच्या खुणा पाहून, “ठोकलं मात्र बराबर तू.”

चाट बसवून ही चीर सांधता येत नाही. नवी पुडी. नऊशे रुपये, बसवण्यासकट. तिच्याजवळ पाचशे आहेत. चाचा वहीत चारशे मांडतात. वहीत तिच्या नावाची पानं मागेही आहेत.

पुड्या तयार येतात, नागपूरहून. बकरीचं कातडं, वर चाट, मधोमध शाई. शाई म्हणजे लोखंडाचा कीस आणि खळ. एकावर एक पातळ थर, प्रत्येक थर गुळगुळीत दगडाने घोटायचा, वाळू द्यायचा, मग पुढचा. घोटताना तिला बारीक बारीक भेगा पडतात. भेगा पडल्या नाहीत तर तबला बोलत नाही. तरुणपणी चाचा शाईही स्वतः भरायचे. आता मनगट राहिलं नाही, म्हणतात.

जुनी वादी ते सोडवून घेतात. ती चांगली आहे, तीच वापरायची. पाण्यात भिजवून ठेवतात. खोड उलटं करून आतली धूळ झटकतात. धुळीबरोबर कापसाचा एक गोळा बाहेर पडतो. चाचा हसतात.

नवी पुडी ओल्या फडक्याखाली नरम झाली आहे. ती खोडावर बसवतात. तबला दोन्ही पावलांत पकडतात. वादी गजऱ्याच्या एका घरातून खाली, बुडाच्या कड्यातून वर, पुढच्या घरात. सोळा फेऱ्या. मग ओढणं. एक पाय खोडावर, दोन्ही हातांनी वादी, पाठ मागे. प्रत्येक फेरीची ढील पुढच्या फेरीत न्यायची. पहिल्या चक्रात कातडं फक्त बसतं. दुसऱ्यात ताण येतो. तिसऱ्या चक्राला चाचांचा श्वास लागतो. तेव्हा वादीचं टोक ते तिच्या हातात देतात आणि स्वतः बोटाने पुडी चाचपत बसतात. “ओढ. अजून. बस. पुढचं.” तिच्या तळव्यावर वादीचे लाल पट्टे उठतात. तर्जनीचा घट्टा पुन्हा तडकतो.

शेवटी गट्टे आत सरकवायचे. आठ. हातोडी. चाटेवर पहिला टोला मारतात चाचाच. सूर खालचा आहे, पण गोल आहे.

“आज वाजवू नको,” चाचा म्हणतात. “दोन दिवस बसू दे.”

“आज रात्रीच स्पर्धा आहे.”

“मग उतरत राहील. गाणं संपलं की ठोक. ठोकत राहा.”

संध्याकाळी ५:००

तिचा स्वतःचा क्लास. एका घराची पुढची खोली, घरमालकिणीचा मुलगा शिकतो म्हणून भाडं नाही. त्याची फी नाही, बाकी सात मुलांची महिन्याला तीनशे. एकवीसशे होतात. त्यातून विशारदच्या गुरूंची फी, एसटीचा पास, मोबाइलचा रिचार्ज. कधी पुडी.

मुलं प्रारंभिकची. मे महिन्यात परीक्षा. हाताने ताल धरायचा, तोंडाने बोल. आठ वर्षांची एक मुलगी खालीच्या जागी टाळी देते. पुन्हा देते. तबलेवाली तिचा हात धरून हवेत उलटा करते. तिसऱ्यांदा बरोबर. शेवटी सगळे मिळून दादरा, सहा मात्रा, बाहेरच्या कुत्र्याच्या भुंकण्यासकट.

नव्या पुडीला मुलांना हात लावू देत नाही.

संध्याकाळी ६:४५

सावंगीच्या पुढे फाट्यावर ‘छोटा हत्ती’ उभा. मागच्या हौद्यात दहा बायका, हार्मोनियम, डग्गा, टाळ, खंजेऱ्या, पाण्याची कॅन. सगळ्यांचं पातळ एकसारखं. दिवसभर वेचणी करून, घरी स्वयंपाक ठेवून, तोंड धुऊन निघालेल्या. आई सरकून जागा देते. तिच्या बोटांना बोंडांच्या टोकांचे ओरखडे आहेत. मुलीचा तळवा उजेडात धरून बघते, काही बोलत नाही, पिशवीतून खोबरेलाची डबी काढते.

गाडीभाडं बाराशे. दर बाईमागे शंभर, उरलेले मंडळाच्या डब्यातून. तबला आणि पेटी यांच्याकडून घेत नाहीत. उलट तबल्याला तीनशे आणि पेटीला तीनशे मंडळ देतं. पेटीवर गावातलेच एक निवृत्त मास्तर. ते गाडीत ड्रायव्हरच्या शेजारी.

हौद्यात वारा लागतो. तबला शालीत गुंडाळलेला, शाल तिची. थंडीने कातडं उतरू नये म्हणून.

रात्री ८:३०

पेंडॉल शाळेच्या मैदानात. समोर तुकडोजी महाराजांची तसबीर, हार, समई. एका फलकावर बक्षिसं आणि ती कुणाच्या स्मरणार्थ, हे लिहिलेलं. दुसऱ्या फलकावर नियम. दोन भजनं, त्यांतलं एक राष्ट्रसंतांचं. वेळ बारा मिनिटं, दहाव्या मिनिटाला घंटा. गुण सुराला, तालाला, शब्दोच्चाराला, गणवेशाला आणि शिस्तीला. प्रवेश फी तीनशे. वैयक्तिक बक्षिसं वेगळी: उत्कृष्ट गायक, उत्कृष्ट खंजेरी, उत्कृष्ट पेटी, उत्कृष्ट तबला.

हिवाळाभर विदर्भात अशा स्पर्धा चालतात. पुण्यतिथी महोत्सव झाले की एका गावाहून दुसऱ्या गावाला. पुरुषांचे गट, महिलांचे गट, बालगट. विद्यापीठाच्या कुठल्याही सभागृहात एवढ्या थंडीत एवढे लोक तबला ऐकायला बसलेले मी पाहिले नाहीत. ब्लँकेटं, पोती, शेंगा, मांडीवर झोपलेली पोरं. आणि ऐकणारे कच्चे नाहीत. सम चुकली की मागच्या रांगेतून “अरे” येतं.

या भजनांमध्ये काय दम होता ते या जिल्ह्याने पाहिलं आहे. १९४२ च्या ऑगस्टमध्ये आष्टीला लोक पोलीस ठाण्यावर चालून गेले, तिकडे चिमूरलाही तेच. इंग्रज सरकारने तुकडोजी महाराजांना पकडून तुरुंगात टाकलं, कारण भजनं पेटवतात असं सरकारचं मत झालं. आजा हे दर वर्षी सांगतो. त्याने ते त्याच्या बापाकडून ऐकलेलं.

रात्री १०:२०

त्यांचा नंबर नववा. सहावा गट संपेपर्यंत ती पेंडॉलच्या मागे, दिव्याखाली, हातोडी घेऊन बसलेली. नवी पुडी चाचांनी सांगितली तशीच वागते. लावली की पाच मिनिटांत अर्धी श्रुती खाली. ती थोडी वर लावून ठेवते, उतरून जागेवर येईल या हिशोबाने. हा हिशोब कुठल्या पुस्तकात नाही.

मंचावर. मुख्य गायिका पन्नाशीची, आवाज खणखणीत, काळी चार. पेटी काळी चार धरते. तबला मध्यमात. भजनाला तो चालतो. दोघी खंजेरीवर. खंजेरी डाव्या हातात उभी, त्याच हाताची बोटं कातडं मागून दाबतात आणि सूर वर-खाली होतो, उजव्या हाताची बोटं समोरून. तबला आणि खंजेरी यांचं पटलं नाही तर सगळा गलका होतो. पटलं तर पायाखालची फळी हलते.

पहिलं भजन केरव्यात. लग्गी येते तशी मागच्या रांगेतली माणसं माना उंचावतात. “पोरगी वाजवून राहिली बे,” एकजण म्हणतो. दुसरा म्हणतो, “ऐक ना आधी.”

भजन संपतं. दुसरं सुरू व्हायच्या आत गायिका दोन वाक्यं बोलते, जय गुरू म्हणते. तेवढ्या वेळात चार टोले. दोन घरं चढली, दोन राहिली. दुसरं भजन. मधल्या एका ओळीला कोरस एकटाच आहे. ती डाव्या हाताने डग्ग्यावर ठेका धरून ठेवते आणि उजव्या हाताने हातोडीचे दोन टोले गजऱ्यावर मारते. नेमके मात्रेवर, ठेक्यातलेच वाटावेत असे. परीक्षकांपैकी एकाने मान वर केली. दहाव्या मिनिटाला घंटा. साडेअकराव्या मिनिटाला संपलं, नियमाच्या आत.

मी शेजारच्या काकांना विचारलं, कसं झालं. ते म्हणाले, “तबला जरासा उतरला होता. पण पोरीनं उतरू देल्ला नाही.”

रात्री १२:४०

निकाल. पहिले तीन क्रमांक दुसऱ्या गावांना. यांना प्रोत्साहनपर, एक हजार रुपये आणि ग्रामगीतेची प्रत. उत्कृष्ट तबला पुलगावकडच्या एका मुलाला, पाचशे एक. त्याने खरंच चांगला वाजवला. तिनेच आधी टाळी वाजवली.

गाडीत हिशोब होतो. टॉर्चच्या उजेडात, पावती आणि डबा घेऊन. हजार आले. प्रवेश फीचे तीनशे गेले. गाडीचे दोनशे डब्यातून. तबला-पेटीचे सहाशे. डब्यातून शंभर जास्तीचे गेले. मुख्य गायिका म्हणते, चाललं. पुढच्या रविवारी हिंगणघाटकडे आणखी एक स्पर्धा आहे, तिथलं पहिलं बक्षीस मोठं आहे.

रात्री १:३०

घरी. तबला कापसाच्या ढिगाजवळ नको, म्हणून आतल्या खोलीत, धान्याच्या कोठीवर. सकाळी ७:१० ची एसटी आहेच. गुरुवारी भूपची अंतर्गत परीक्षा. तिच्या गायनाला गुण मिळतील. बाकी अकराजणांना ती तबला वाजवेल, त्याला गुणपत्रिकेत रकाना नाही. आजचे आलेले तीनशे ती वहीच्या पुठ्ठ्यात घालते. चाचांचे चारशे बाकी.